संकल्प आणि चिमूट

तंबाखू सोडण्याचा संकल्प बहुधा रात्री होतो. दुसऱ्या दिवशी कचेरीतील चहानंतर शेजारच्या सहकाऱ्याने मळलेली चिमूट पुढे केली की तो मोडतो. दोष मग मनोदौर्बल्याला दिला जातो. या निदानाने दोष देणाऱ्यांचे समाधान होत असेल. तंबाखू खाणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

गॅरी बेकर आणि केव्हिन मर्फी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ साली व्यसन हीदेखील विवेकी निवड असू शकते, असे प्रतिपादन केले. कालच्या सेवनाने आजची ओढ वाढते, हा त्यांच्या मांडणीतील मोलाचा भाग होय. परंतु रात्री पुडी फेकून देणारा आणि सकाळी तीच शोधत फिरणारा मनुष्य त्या जमाखर्चात नीटसा बसत नाही. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००५ साली मिळविणारे थॉमस शेलिंग यांना हे द्वंद्व अधिक उमगले होते. एकाच देहात नांदणाऱ्या दोन व्यक्तींचा तो झगडा असून, शहाणीने दुसरीचे हात आधीच बांधून ठेवावेत, हा त्यांच्या विवेचनाचा रोख.

१९७१ साली व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स यांनी केली. तेथे सुमारे पाचातील एक जण हेरॉइनसारख्या अमली द्रव्यांच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात यांपैकी जेमतेम पाच टक्क्यांना ते व्यसन पुन्हा जडले. स्थळ, सोबती आणि सहज मिळणारा माल, सारेच मागे राहिले होते.

कारकुनाला कचेरी सोडता येत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली (ती कितपत पाळली जाते, हे पानपट्टीवर उभे राहणाऱ्यास ठाऊक आहे). तरीही २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील जवळजवळ दर चौथा प्रौढ धूररहित तंबाखूचे सेवन करताना आढळला. खेड्यातील स्त्रीची मशेरी दात घासण्याच्या निमित्ताने सुरू होते. तिच्यासाठी रोजची सकाळ हीच मोहाची वेळ. कचेरीत चिमूट नाकारणे म्हणजे स्नेहाचा हात झिडकारणे वाटते. मुखाच्या कर्करोगाची भीती दूरची, सहकाऱ्याचा हिरमुसलेला चेहरा समोरचा.

फिलिपाइन्समध्ये एका बँकेने धूम्रपान करणाऱ्यांपुढे एक करार ठेवला. सहा महिने ठेव साठवायची. अखेरच्या लघवीच्या तपासणीत निकोटिन आढळल्यास ती सर्व रक्कम धर्मादायात जमा. दहांपैकी जेमतेम एकाने तो पत्करला. तरीही ज्यांच्यापुढे करार ठेवला गेला, त्यांच्यात धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून थोडे अधिक राहिले, वर्षानंतरच्या अचानक तपासणीतही. लाभ अल्प खरा, पण खर्चही अल्पच. आपल्याकडे शिक्षकांच्या आणि नोकरदारांच्या पतपेढ्या आहेत, पगारातून परस्पर कपात करण्याची व्यवस्था आहे. अशी ऐच्छिक ठेव सुरू करणे त्यांना अवघड नाही. तपासणी मात्र त्रयस्थ डॉक्टरकडेच सोपवावी लागेल. चिमूट पुढे करणारा सहकारीच साक्षीदार असला, तर ठेव कधीच जप्त होणार नाही.