घर आपले, थापीही आपली

सुगी उरकली, उसाचे बिल हातात आले आणि पावसाला दोन-अडीच महिने राहिले, की आपल्या पेठ वडगावच्या पंचक्रोशीत घरोघरी एकच विषय निघतो. न्हाणीची भिंत, सोप्याची कौले, स्वयंपाकघरातला उखणलेला कोबा. सोमवारच्या बाजाराला आलेली जोडपी परतताना सिमेंटच्या दुकानापुढे थांबतात, भाव विचारतात, एकमेकांकडे बघतात आणि स्टँडकडे चालू लागतात. माल कसाबसा परवडेल, पण गवंडी आणि त्याच्याबरोबरचे दोन बिगारी परवडायचे नाहीत, हा त्या बघण्याचा अर्थ. आणि परवडले तरी गवंडी यायचा कधी? तो चार ठिकाणी कामे धरून बसलेला असतो. आज येतो म्हणतो आणि मृगाच्या आदल्या दिवशी येतो.

आज बोलायचे आहे ते अशा मालक-मालकिणींशी. दुरुस्तीची निम्मी कामे तुम्ही दोघे शिकून स्वतः करू शकता. हे ऐकून सासूबाई हसतील, हसू द्या. भेंडे पाडताना चिखल तुडवला कोणी? भिंतीला लिंपण घातले कोणी? दर सणाला घर सारवले, पावसाळ्याआधी भिंतीच्या भेगा शेणामातीने बुजवल्या, त्या कोणी? घर उभे ठेवण्याचे काम बाया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. फक्त त्याला बांधकाम म्हणायची आपली पद्धत नाही. मोठ्या कामावरही बघा, बाई जन्मभर घमेले वाहते, पण थापी तिच्या हाती कोणी देत नाही. आणि मजुरीतला फरक तर त्या थापीचाच असतो.

हे नुसते बोलणे नाही. लातूर-धाराशिवकडच्या बायांनी ते करून दाखवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. ती मारली भूकंपाने म्हणण्यापेक्षा घरांनी. त्या भागातल्या जुन्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, बघायला किल्ल्यासारख्या. पण आतून पोकळ बांधणीच्या. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, मधे नुसती माती आणि गोटे. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षे घातलेला मातीचा थर. जमीन हलली तशी भिंत दोन्हीकडे फाकली आणि ते सारे ओझे खाली आले.

बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याहून कितीतरी अधिक गावांत घरे पडली नव्हती, नुसती तडकली होती. तिथे राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम घेतला. पैसे घरमालकाला द्यायचे, माल त्याने आणायचा, काम त्याने करून घ्यायचे. आता शेतकऱ्याला भिंत कशी मजबूत करायची ते सांगणार कोण? इंजिनिअर गावात येई, कागद दाखवी आणि जीपमधून निघून जाई. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बचत गटांतल्या, महिला मंडळांतल्या बाया पुढे आणल्या. त्यांना नाव मिळाले ‘संवाद सहायक’. या बाया आधी स्वतः शिकल्या. भिंतीतला एखादा दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोके वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे, म्हणजे आतली-बाहेरची रांग एकमेकींना बांधली जाते. माळवदावरची जादा माती उतरवायची. लाकडी खांब आणि तुळई मिळतात त्या कोपऱ्यात तिरपा आधार ठोकायचा. यात दोघांना मिळून न समजण्यासारखे काय आहे, सांगा बरे!

पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच लातूरकडच्या बाया तिकडे गेल्या आणि तिथल्या बायांना आपला अनुभव सांगून आल्या. भाषा वेगळी, पण भिंत सगळीकडे सारखीच पडते. प्रेमाताई २०२२ साली गेल्या. त्या कामातून शिकलेल्या बाया आजही गावोगाव आहेत.

आपल्याकडे किल्लारी नाही, असे म्हणून मोकळे होऊ नका. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि वारणेचे पाणी तर विचारायलाच नको. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत निलेवाडी, खोची, भेंडवडे या काठच्या गावांनी काय भोगले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. भेंड्याची भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, माणसे सामान आवरायला आत शिरली असताना, बसते. म्हणून पूर ओसरला तरी भिंत वाळेपर्यंत तिच्या आडोशाला झोपू नये, लेकरांना फिरकू देऊ नये. पुन्हा बांधताना जोते आणि पुराची खूण असेल तिथवरची भिंत दगडाची किंवा भाजक्या विटेची, सिमेंटच्या मालात करावी. त्याच्यावर मातीची चालेल. काळ्या रानात पाया असेल तर मुरूम लागेपर्यंत खणावे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीलाही तेच करायला लावते.

आता शिकायचे कसे? गवंड्याला पहिल्या चार दिवसांची पूर्ण मजुरी द्या आणि आधीच सांगा, ‘दादा, आम्ही दोघे तुमच्या हाताखाली राहणार, आम्हाला शिकवा.’ चांगला गवंडी नाही म्हणत नाही. ओळंबा धरायला आधी शिका. भिंत उभी आहे की झुकली आहे हे डोळ्याला कळत नाही, ओळंब्याला कळते. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन टोकांची पातळी जुळवायची, हे काम दोघांशिवाय होतच नाही. एकाने एक टोक धरायचे, दुसऱ्याने दुसरे, आणि नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला एका भिंतीवर ३ फूट मोजा, दुसरीवर ४ फूट, आणि त्या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर ५ फूट भरले पाहिजे. शाळेत हा पाठ घोकला होता, तो इथे कामाला येतो.

मालाच्या बाबतीत हात सैल सोडू नका. सिमेंटचे पोते ५० किलोचे, मापाने साधारण ३५ लिटर. आतून लांबी, रुंदी, उंची १३ इंच अशी एक लाकडी पेटी करून घ्या, की ती एका पोत्याला एक असे माप होते. विटांच्या बांधकामाला एक पोते आणि सहा पेट्या वाळू, गिलाव्याला एकाला चार. फावड्याच्या अंदाजाने कालवलेला माल दर खेपेला निराळा होतो. पाणी घातल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो वापरणे म्हणजे सिमेंटचे पैसे चिखलात घालणे. विटा आधी पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते. नवशिक्यांनी दिवसात तीन फुटांच्या वर भिंत चढवू नये. आणि निदान दहा दिवस पाणी मारा. हे काम फुकटाचे आहे, म्हणूनच त्यात सर्वांत जास्त चुकारपणा होतो. ओले सिमेंट कातडी खाते, तेव्हा दोघांनीही रबरी हातमोजे घालावेत. लिंपणाची सवय असलेल्या बाया उघडा हात घालतात आणि संध्याकाळी बोटे फाटतात.

एक गोष्ट मात्र फार बघायला मिळते आणि ती मला मुळीच पटत नाही. मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा! पहिल्या वर्षी घर पक्के दिसते, पाहुणे वाहवा करतात. पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट बसले की ओल आतच कोंडते, दोन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि आतली भिंत पोखरलेली निघते. त्यापेक्षा भुसा घातलेल्या मातीचे किंवा चुन्याचे लिंपण शंभर पटींनी बरे. ते तर मालकिणीला येतेच. कौलारू छप्पर भिंतीच्या बाहेर दीड-दोन हात काढा, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर पडेल असे बघा, की निम्मी ओल तिथेच थांबली.

काही कामांना मात्र हात लावू नका. ज्या भिंतीवर तुळई किंवा स्लॅब टेकला आहे ती पाडून दार रुंद करणे, स्लॅब टाकणे, विजेची जोडणी, ही जाणत्याची कामे. तिथे मजुरी वाचवायला गेलात तर घर गमावाल. वडगाव नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर फेरफाराला आधी परवानगी लागते, तीही काढा.

घरकुल मिळाले असेल त्यांच्यासाठी आणखी थोडे. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली सुरू झाला, तेव्हापासून त्यात ठेकेदार नेमायचा नाही, लाभार्थ्याने स्वतः घर बांधायचे, असाच नियम आहे. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्यावर भर आहे. त्याच योजनेत गवंडीकामाचे ४५ दिवसांचे प्रशिक्षण ठरवले गेले, प्रत्यक्ष घर बांधता बांधता शिकण्याचे. आपल्या भागात असा वर्ग निघतो आहे का, याची चौकशी पंचायत समितीत दोघांनी मिळून करावी, एकट्या मालकाने नव्हे. झारखंडात शौचालये बांधण्याच्या मोहिमेत बाया गवंडीकाम शिकल्या आणि ‘रानी मिस्त्री’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे अजून शब्दसुद्धा रुळलेला नाही.

आणि मालक, तुमच्याशी दोन शब्द. सकाळी धार, चूल, लेकरांचे डबे आटोपून कारभारीण दिवसभर विटा लावणार आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपाशी बसणार, तर हा सहकार नव्हे, तिच्यावर टाकलेली तिसरी पाळी झाली. बांधकाम चालेल तेवढे दिवस एक वेळची धार आणि एक वेळची भाकरी तुमच्याकडे. भाकरी वाकडी झाली तर ती काही बोलणार नाही, कारण तुम्ही तिच्या पहिल्या थरावर बोलला नसाल!

सुरुवात करा ती घरात नको, गोठ्यात करा. जनावरांची गव्हाण बांधायला घ्या. उंची कमी, ओझे कशाचे नाही, एखादी वीट वाकडी बसली तर म्हैस तक्रार करीत नाही. आतले कोपरे गोल करा म्हणजे वैरण अडकून कुजणार नाही, आतून गिलावा घोटून गुळगुळीत करा. दहा दिवस पाणी मारून झाले की रात्री ती काठोकाठ भरून ठेवा आणि काठापाशी विटकरीने खूण करा. सकाळी पाणी खुणेशी असेल तर न्हाणीची भिंत धरायला हरकत नाही. उतरले असेल तर पाझर कुठल्या कोपऱ्यात आहे तो दोघांनी शोधा, तेवढा गिलावा खरवडून पुन्हा लावा.