पैसे मोजणाऱ्यालाच शिक्षा का?

लोक सॉफ्टवेअरची चोरी पैसे वाचवण्यासाठी करतात, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण खालापूर-कर्जत भागात डीटीपीची कामं करणाऱ्या छोट्या दुकानांमध्ये मी दुसरा प्रकार पाहिला आहे. पावतीसह विकत घेतलेलं सॉफ्टवेअर कपाटात पडून असतं आणि रोजचं काम क्रॅक केलेल्या कॉपीवर चालतं. एकदा पैसे मोजलेला माणूस चोरीच्या कॉपीकडे का वळतो?

उर्दू छपाईचंच बघा. नस्तालीक अक्षर पूर्वी कातिब हातानं लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमुळे ते यंत्रावर आलं. त्यासाठी अक्षरांच्या सुमारे २० हजार जोडण्या तयार कराव्या लागल्या. १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरचं इनपेज आलं आणि नस्तालीक साध्या संगणकावर उतरलं. आज वर्तमानपत्रांपासून निकाहच्या पत्रिकांपर्यंत ते सगळीकडे दिसतं. एवढी मेहनत फुकटात मिळावी, असं मी तरी म्हणणार नाही. मीही सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो.

खटका आहे तो कुलपाचा. भारतीय भाषांच्या डीटीपी सॉफ्टवेअरसोबत डोंगल मिळत असे. ते संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावलं तरच प्रोग्राम चालायचा. पुढे नव्या संगणकांतून ते पोर्टच गेलं. पिन वाकली किंवा डोंगल हरवलं, तरी काम ठप्प. खोपोलीतल्या एका दुकानदाराला कंपनीनं बदली डोंगलसाठी जवळपास नव्या सॉफ्टवेअरची किंमत सांगितली. लग्नसराई तोंडावर होती. त्यानं क्रॅक टाकला आणि काम सुरू केलं. क्रॅकला डोंगल लागत नाही, पोर्ट लागत नाही, फोनही करावा लागत नाही. कुलूप चोरासाठी बनवलं, पण अडकला तो गिऱ्हाईक.

आता डोंगलची जागा इंटरनेटनं घेतली आहे. कित्येक प्रोग्राम ठराविक दिवसांनी कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय उघडत नाहीत. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क कधी जाईल याचा नेम नसतो. पण हा त्रास फक्त गावाकडचा नाही. २०१० मध्ये युबिसॉफ्टनं आपल्या काही गेमसाठी सतत इंटरनेट बंधनकारक केलं. सर्व्हर बंद पडले तेव्हा पैसे भरलेले लोकच खेळू शकले नाहीत. उलट ॲपलनं २००९ मध्ये आयट्यून्सवरच्या गाण्यांचं कुलूप काढलं, तरी लोक गाणी विकत घेतच राहिले.

म्हणून चोरी जायज ठरत नाही. इस्लामी फिक्ह अकादमीनं १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत लेखन आणि शोधावरचे हक्क शरीयतनं संरक्षित मानले आहेत. शिवाय चोरीची कॉपी जाणूनबुजून वापरणं हा भारतीय कायद्यातही गुन्हा आहे आणि क्रॅकसोबत व्हायरस येतो तो वेगळाच. पण सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप मारणाऱ्यांना ताकीद आहे, तीही विसरू नये. पूर्ण किंमत घेऊन वस्तूचा वापर अर्ध्यावर अडवणं हेही माप मारणंच आहे, असं मला वाटतं. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खरेदीदाराला सॉफ्टवेअर खराब होण्यापासून वा हरवण्यापासून जपण्यासाठी बॅकअप ठेवू देतं. कायद्यानं दिलेली ही सोय कुलूप हिरावून घेतं.

यात दुकानदाराच्या धंद्यापलीकडचंही नुकसान आहे. जमातींचे ठराव, मदरशांचे अहवाल, जुनी मासिकं अशा फाइलींमध्ये पडून आहेत. जुन्या इनपेजच्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत, त्या साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये उघडत नाहीत. मराठीच्या जुन्या फाँटमधल्या मजकुराचंही तसंच. डोंगल मेलं की आपलाच मजकूर वाचायला क्रॅक शोधायची पाळी येते. समाजाचं दफ्तर असं दुसऱ्याच्या किल्लीवर ठेवू नये.

तेव्हा संस्थेसाठी सॉफ्टवेअर घेताना आधी विचारा: संगणक बदलला तर काय? इंटरनेट नसेल तर काय? कंपनी उद्या बंद पडली तर फाइली उघडतील का? जुना मजकूर आत्ताच, तो उघडतोय तोवर, युनिकोडमध्ये आणा. लिबरऑफिस मोफत आहे, नोटो नस्तालीक उर्दू हा फाँटही मोफत आहे. साधी पत्रं आणि अहवाल यांच्यावर सहज होतात.

तुमच्यापैकी कितीतरी जण इंजिनिअरिंग करत आहेत. उद्या परवाना तपासणारा कोड तुमच्याच हातून लिहिला जाईल. तपासणी फसली तर संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, हे त्या कोडमध्येच ठरतं. तो पैसे मोजणाऱ्याला द्या. चोराचं त्या तपासणीवाचून काहीच अडत नाही.