न दिसणाऱ्या पोपटाची ओळख

पोपट म्हटले की आपल्या मुलांना ढोलीतून डोकावणारा, पेरू कुरतडणारा, थव्याने कलकलाट करत जाणारा पक्षी आठवतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर याच कुळातला एक पक्षी खुरट्या झुडपांच्या माळावर पायी फिरतो. तिथेच बिया आणि फुले खातो, घरटेही जमिनीवरच करतो. हिरव्या अंगावर काळी-पिवळी नक्षी, चोचीवर शेंदरी पट्टी. चाहूल लागली की झुडपात दबून बसतो, माणूस अगदी जवळ येईपर्यंत जागचा हलत नाही. तिथल्या मूळच्या नूंगार लोकांचे त्याला नाव आहे कायलोरिंग. रानात आता दीडशेही उरले नसावेत असा अंदाज आहे. तेही मुख्यतः केप अॅरिड राष्ट्रीय उद्यानात आणि त्याला लागून असलेल्या अभयारण्यात.

अशा पक्ष्याची मुलांना ओळख करून द्यायची तर सोपा मार्ग म्हणजे मोठ्या डोळ्यांचे गोजिरे चित्र काढून रंगवायला देणे. चित्र जरूर द्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये. कायलोरिंगची राखण करणाऱ्यांनाही तो क्वचितच दिसतो. त्यांची त्याच्याशी ओळख कानांनी होते. पहाटे सूर्य उगवण्याआधी आणि संध्याकाळी मावळल्यानंतर तो चढत्या स्वरांची शीळ घालतो. स्वयंसेवक माळावर ठरलेल्या जागी अंधारात गप्प उभे राहतात आणि प्रत्येक शीळ कधी ऐकू आली, कुठल्या दिशेने आली, किती लांबून आली ते टिपून ठेवतात. आता ध्वनिमुद्रण यंत्रेही माळावर लावली जातात. मुलांना त्या शिळेचे ध्वनिमुद्रण ऐकवावे, मग अंगणात तासभर न बोलता उभे करून कान देऊन काय काय ऐकू येते ते लिहायला लावावे. संवर्धन म्हणजे रोज काय काम असते, ते त्यांना असे कळेल.

पुढची गोष्ट कडू आहे, तीही सांगावी. २०१५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वणव्यांनी या पोपटाच्या अधिवासाचा सुमारे ९० टक्के भाग जाळला. आडोसा गेला की मांजरे आणि कोल्हे यांचे फावते. हे दोन्ही प्राणी युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी त्या भूमीवर आणले. त्यांना आवरण्यासाठी विषारी आमिषे टाकावी लागतात. त्यातले एक विष तिथल्या काही रानवनस्पतींत मुळातच असते. त्या वनस्पतींच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले तिथले अनेक प्राणी ते बरेचसे सोसतात, बाहेरून आलेल्यांना ते सोसत नाही.

इथे एखादे मूल विचारेलच, मांजराचे काय चुकले? मांजराचे काहीच चुकले नाही, त्याला तिथे नेणाऱ्या माणसांचे चुकले. हे उत्तर मोठ्यांना अवघड वाटते म्हणून तो प्रसंगच गोष्टीतून गाळला जातो. मग पोपट वाचवणे म्हणजे त्याच्यावर माया करणे, एवढेच मुलांच्या हाती लागते. पर्थच्या प्राणिसंग्रहालयात हे पक्षी ठेवून पाहिले, पण तिथे त्यांची वीण वाढली नाही. २०२१ मध्ये काही पक्षी आल्बनीच्या पूर्वेला नव्या जागी नेऊन सोडले गेले. सगळी अंडी एकाच टोपलीत नकोत म्हणून केलेली ही धडपड. कुठला प्रयत्न फसला, कुठला अजून चालू आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट समजते.

आपल्या माळढोकाबद्दलही असेच बोलायला हवे. तोही लाजाळू, तोही माळावर जमिनीवर अंडे घालणारा. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ एके काळी त्याच्यासाठी ओळखला जाई. विजेच्या तारांचा धोका आपण मुलांना सांगतो, माळावर फिरणाऱ्या मोकाट कुत्र्यांचा मात्र सांगायला कचरतो, कारण ती कुत्री आपल्याच गावची असतात. गावाबाहेर उष्टे आणि मेलेली जनावरे कोण टाकतो, त्या कुत्र्यांची नसबंदी कोणी करायची आणि तिचा खर्च कोणी द्यायचा, हे सगळे माळढोकाच्याच धड्यात यायला हवे. आणि वर्गात हे विचारणाऱ्या मुलाला ग्रामसभेतही विचारू द्यावे.