मापाचा तुकडा

आमच्या निवृत्त बाईंना नाशिकच्या थंडीसाठी स्वेटर विणून द्यायचा, असे आम्ही दोघींनी ठरवले. वेळ थोडा, म्हणून कामाची वाटणी केली. एकीने पाठ विणायची, दुसरीने पुढचा भाग. लोकर एकाच गठ्ठ्यातली, सुया दोघींच्याही 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या, टाके दोघींचे 110. सारे पुस्तकाबरहुकूम. तीन आठवड्यांनी दोन्ही भाग एकमेकांवर ठेवले, तेव्हा पुढचा 50 सेंटिमीटर रुंद भरला आणि पाठ 55.

पुस्तकाच्या आरंभीच लिहिले होते की, 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आणि 28 ओळी बसायला हव्यात. ते वाक्य ओलांडून आम्ही पुढे गेलो होतो. एकीचा हात घट्ट, तिचे 22 भरले; दुसरीचा सैल, तिचे 20. एवढा फरक चार बोटे विणून होईतो डोळ्यांना जाणवत नाही. 110 टाक्यांत तो 5 सेंटिमीटरचा होतो. लांबी कमी पडली तर ओळी वाढवता येतात. रुंदी चुकली की उसवण्याखेरीज गत्यंतर नसते.

यावर आमच्यात वाद झाला. जिचा हात सैल, तिचे म्हणणे असे की, पुस्तकाने 8 नंबर सांगितला, तो मी वापरला. मग चूक माझी कशी? वस्तुतः सुईचा क्रमांक हे साधन आणि टाक्यांचे माप हे साध्य. साध्य राखायचे, तर ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे साधन बदलावे लागते. तिने 9 नंबरच्या, म्हणजे किंचित बारीक, सुयांवर एक तुकडा विणला, धुऊन सपाट वाळवला आणि कडा सोडून मधोमध टाके मोजले. 22 भरले. एका संध्याकाळचे काम. ते वाचवण्यासाठी आम्ही तीन आठवडे घालवले होते.

हे लिहिण्याचे कारण निराळे आहे. ज्ञानेश्वरीतील ओवीची अक्षरसंख्या लवचिक असते. एका विद्यार्थ्याने तिला अक्षरगणवृत्ताचे माप लावले आणि उत्तरपत्रिकेत तिची रचना ‘शिथिल’ ठरवली. आम्ही त्याचे गुण कापले. आता वाटते, ते आमचेच कापायला हवे होते. वृत्तांची लक्षणे आम्ही पाठ करून घेतली. पण चार ओव्या मोठ्याने म्हणून, कोणते माप येथे लागू पडते हे आधी पाहावे, असे कधी सांगितले नाही. समीक्षेच्या पद्धती शिकवतानाही आमचे असेच होत आले आहे. सिद्धान्ताचे टाके मोजून घालायचे, आणि कलाकृती त्यात बसली नाही की दोष तिला द्यायचा.

पाठ उसवायला अर्धा तास पुरला. पुन्हा विणून पूर्ण झालेला स्वेटर बाईंच्या अंगाला नीट बसला. फक्त तो त्यांना मिळाला मार्चमध्ये.