ऑपरेशन हैदराबादला, जेवण लातूरला

"किती दिवसांत किती किलो?"

वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल मला जे मेसेज येतात, त्यातले बहुतेक या एकाच प्रश्नाचे असतात. नांदेडहून येतात, उदगीरहून येतात, अहमदपूरहून येतात. परवा देगलूरकडच्या एका आईनं विचारलं, मुलगी तेवीस वर्षांची आहे, स्थळं बघायलोत, दिवाळीपर्यंत तीस किलो उतरेल का? प्रत्येकीला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. माहेर नांदेड, सासर लातूर, शाळेत शिकवते. उंची पाच फूट एक इंच. चार वर्षांपूर्वी वजन ११२ किलो होतं, शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू होत्या, रात्री झोपेत श्वास अडकायचा. हैदराबादला स्लीव्हचं ऑपरेशन झालं. दीड वर्षानं काटा ७९ वर आला. आज सकाळी ८३ होता.

आता इथं लोकांचे दोन गट पडतात. काही जण म्हणतात, अरे वा, एकोणतीस किलो! काही जण म्हणतात, एवढे लाख घालून चार किलो परत आले की. आणि बीएमआयचा तक्ता काढला तर मी अजूनही लठ्ठच. १५५ सेंटिमीटरला ८३ किलो म्हणजे साडेचौतीसचा बीएमआय. आपल्याकडच्या तक्त्याप्रमाणे माझं 'योग्य' वजन साधारण ५५ किलो. तिथं मी कधीच पोचणार नव्हते, आणि हे मला ऑपरेशनच्या आधी कागदावर आकडे मांडून सांगणारी आहारतज्ज्ञ भेटली, हे माझं नशीब.

तो हिशेब तुम्हीही करा. स्लीव्ह असो की बायपास, ऑपरेशन नीट झालं आणि पेशंटनं नीट सांभाळलं, तर वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरतं. कुणाचं थोडं जास्त, कुणाचं कमी. ११२ चे २५ ते ३० टक्के म्हणजे २८ ते ३४ किलो. उरतात ७८ ते ८४. माझा काटा बरोबर त्याच पट्ट्यात आहे. १४० किलोचा माणूस ९८ ते १०५ वर येईल. पॅन्टचा नंबर बदलेल, गुडघे दुवा देतील, पण तो 'बारीक' दिसणार नाही.

आणि पुढची गोष्ट होर्डिंगवर नसते. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा ऑपरेशनच्या दोन हजारांवर पेशंटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं, आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावलं. म्हणजे थोडं परत आलं, पण बहुतांश उतरलेलंच राहिलं. शुगरचंही तसंच. ज्यांना आधी डायबेटिस होता त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांचा दोन वर्षांनी गेलेला होता, पंधरा वर्षांनी हा आकडा ३० टक्के राहिला. मला विचाराल तर पंधरा वर्षांनंतरचे ३० टक्केही फार मोठी गोष्ट आहे. फक्त 'डायबेटिस कायमचा बरा' असं म्हणून ऑपरेशन विकू नका एवढंच.

लातूरकरांना हे समजावून सांगायला नको खरं तर. आपल्या शहरात निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकाचौकात टॉपरांचे फोटो लागतात. त्याच क्लासच्या त्याच बाकावर बसलेल्या बाकी पोरांचे फोटो लागत नाहीत. ऑपरेशनच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी लावणाऱ्या जाहिरातीत तोच प्रकार असतो. नंतरचा फोटो कितव्या महिन्यातला आहे ते विचारा. पाचव्या वर्षातला असेल तर मला पाठवा, मी स्वतः शेअर करते.

किलोच्या आकड्यानं काय होतं ते २०१७ मध्ये अख्ख्या देशानं पाहिलं. इजिप्तची इमान अहमद मालवाहू विमानानं मुंबईला आली, मार्चमध्ये तिचं ऑपरेशन झालं. मग रोज बातमी, आज इतके किलो गेले. मग किती गेले यावरून डॉक्टर आणि तिची बहीण यांच्यात टीव्हीवर वाद. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. तिचा आजार फार गुंतागुंतीचा होता, आपल्यासारख्यांची तुलना तिच्याशी होऊच शकत नाही. पण ती बाई जेवते काय, बसू शकते का, तिला काय वाटतं, हे त्या सगळ्या बातम्यांत शोधावं लागायचं. उलट बाजूनं सांगायचं तर नितीन गडकरींनी २०११ मध्ये पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना हे ऑपरेशन करून घेतलं, ते सगळ्यांना कळलं आणि माणूस कामाला लागला. असं उघडपणे झालेलं मला आवडतं. आपल्याकडे लोक "हर्नियाचं ऑपरेशन झालं" म्हणून सांगतात.

आता खाण्याचं. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून कायमचा काढतात, केळ्याएवढी नळी राहते. भूक लावणारं एक हार्मोन बरंचसं त्याच कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूकच लागत नाही. तेव्हा वाटतं, जिंकलो. भूक नंतर परत येते. सगळ्यांची येते. त्या आधीच्या काळात जी सवय लागली तीच पुढं कामाला येते.

सुरुवातीला काही दिवस नुसतं पाणीदार, मग दोनेक आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी घरचं जेवण. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास काटा अचानक थांबतो. दहा-बारा दिवस हलत नाही. घाबरू नका, तो आपोआप पुढं सरकतो. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळतात, पुंजकेच्या पुंजके. ते बहुतेकांचे परत येतात. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते, ती मात्र व्यायामानं पूर्ण जात नाही.

मला मिळालेल्या आहाराच्या कागदावर ब्रोकोलीचं सूप होतं आणि किनवा होता. गंजगोलाईत किनवा मागून बघा, दुकानदार तुम्हाला किनवटचा रस्ता सांगेल. मी तो कागद घेऊन परत आहारतज्ज्ञांना फोन केला आणि आपल्या घरातलं काय चालेल ते एकेक करून विचारलं. ताक चाललं. वरणाचं पाणी चाललं. पातळ, गाळलेली, बिनतिखटाची आंबील चालली. पुढं घट्ट वरण, अंडं, पनीर, मऊ शिजवलेली कोंबडी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, आणि एका वेळी पोटात मावणार अर्धी-पाऊण वाटी, तर ही कसरतच आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम. एका वाटी पातळ वरणात त्याहून कमीच. म्हणून ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. गंमत बघा, आपण पोत्यानं सोयाबीन पिकवतो, भावासाठी आंदोलनं करतो, आणि आपल्या ताटात सोयाबीन जवळजवळ नसतं. मी आता सोयाबीनच्या वड्या खिम्यासारख्या करून खाते. घरच्यांनाही आवडायल्यात.

जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. ऐकायला सोपं वाटतं. शाळेच्या पंधरा मिनिटांच्या मधल्या सुट्टीत करून बघा.

पण खरं सांगू का, पोटापेक्षा अवघड आहे पंगत. "एवढंच खायलीस? आवडलं नाही का?" "घरी आल्यावर घासभर तरी." येळवशीला शेतात पंगत बसली की भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, आणि वाढणाऱ्या बाया द्रोण रिकामा दिसू देत नाहीत. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी जाहीर करून टाकलं, "हिला कुणी वाढू नका, ही तिच्या हातानं घेईल." त्या एका वाक्यानं माझं निम्मं काम झालं. पुरुषांची तर अजून पंचाईत. धोंड्याच्या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे वाढले आणि जावई अर्ध्यावर थांबला, तर सासुरवाडी नाराज. बायपास झालेल्या माणसानं गोड जास्त खाल्लं तर अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात, हे त्या सासूला कुणी सांगितलेलं नसतं. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगरला बसते तेव्हा मला बरं वाटतं. हात आडवा केला की सेवादार पुढं जातो, कारण विचारत नाही.

आणि एक, दारू. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, ती लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका वाढतो. घरच्या बायांनी हे आधी डॉक्टरांसमोर विचारून घ्यावं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

ऑपरेशन हैदराबादला होतं, पुण्याला होतं, मुंबईला होतं. चौथ्या दिवशी आपण गाडीत बसून घरी येतो. त्यानंतरचं आयुष्य इथं. दुसऱ्या महिन्यात मी माहेरी नांदेडला असताना मला चार दिवस सारख्या उलट्या झाल्या. जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं आणि ग्लुकोजचं सलाईन लावायची तयारी केली. माझ्या भावानं हैदराबादला फोन लावला म्हणून कळलं की अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्व द्यायला हवं. उलट्यांनी शरीरातलं बी-१ संपतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मला वेळेत मिळालं. ज्याच्या भावाकडे फोन नंबर नसेल त्याचं काय? ऑपरेशन झालेल्या प्रत्येकानं हे चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, आणि उलट्या दोन दिवसांच्या वर गेल्या तर पित्त म्हणून घरी बसू नका.

बी-१२, लोह, कॅल्शियम, डी, या गोळ्या आयुष्यभर. रक्ताची तपासणी पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी, मग दरवर्षी. हे इथं होतं कुठं? तपासणी खासगी लॅबमध्ये होते, रिपोर्ट मोबाईलवर येतो, आणि तो वाचून सांगणारा माणूस अडीचशे किलोमीटर लांब असतो. दोन वर्षांनी लोक गोळ्या सोडतात, कारण "आता बरं वाटायलंय." मग एक दिवस हातापायाला मुंग्या येतात आणि हिमोग्लोबिन सात निघतं.

म्हणून माझं मत असं आहे, की ऑपरेशन इथं सुरू करा अशी मागणी आत्ता नको. आधी सांभाळण्याची सोय करा. नांदेडला विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख संस्था आहे. दोन्हीकडे महिन्यातला एक दिवस अशा पेशंटांसाठी ठरवून, जाहीर करून द्यावा. एक फिजिशियन, एक आहारतज्ज्ञ, चार तपासण्या. यासाठी नवीन इमारत लागत नाही. आणि बाहेरून येऊन आपल्या शहरांत मोफत तपासणी शिबिरं घेणाऱ्या हॉस्पिटलांनी पेशंट नेताना लेखी द्यावं की पुढची पाच वर्षं त्याला कोण, कुठं बघणार.

विम्याचंही आधी बघा. पॉलिसीतली नेहमीची अट बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त अशी असते. ३५ असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, काबूत न येणारा डायबेटिस असा गंभीर आजार लागतो. डॉक्टर त्याच्या खालच्या बीएमआयलाही ऑपरेशन सुचवू शकतात, पण मग बहुधा खर्च तुमच्या खिशातून जातो. वावर विकायच्या आधी पॉलिसी वाचा.

देगलूरच्या ताई, तुमच्या मुलीबद्दल. दिवाळीचं विसरा. तिला शुगर, पीसीओडी, श्वासाचा त्रास काही आहे का, बीएमआय किती, हे आधी बघा, आणि निर्णय तिला घेऊ द्या. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गरोदर राहायचं नसतं. म्हणजे वैशाखात लग्न आणि पुढच्या वर्षी पाळणा हे गणित बसणार नाही, आणि हे सासरच्यांना आधी सांगावं लागेल. आयुष्यभराच्या गोळ्या लपवता येत नाहीत. जे स्थळ हे ऐकून मागं सरेल ते सरू द्या.

वर म्हटलेल्या मागणीचं निवेदन मी लिहून ठेवलं आहे. नांदेड, लातूर जिल्ह्यांतल्या ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी इनबॉक्समध्ये फक्त तालुका, ऑपरेशनचं वर्ष आणि शेवटची रक्ततपासणी कधी झाली ते कळवा. नाव कुठंही येणार नाही. निदान पन्नास जणांची माहिती जमली की दोन्ही अधिष्ठातांना भेटायला जाणार आहे, सोबत यायचं असेल तर तेही सांगा. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल.