मनगटावरचे घड्याळ आणि छातीतली कळ

"डॉक्टर, धावायला जीपीएसचे घड्याळ कुठले घेऊ?" असे हल्ली दवाखान्यात वरचेवर विचारले जाते. मी सांगतो, खोक्यावरचे '१४ दिवस बॅटरी' वाचून भुलू नका. जीपीएस चालू असताना ती किती तास टिकते ते पाहा. नोंद दर सेकंदाला होते का, हेही विचारा. नोंदी विरळ असल्या की वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते. निघण्यापूर्वी मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबावे. दाट झाडीत किंवा डोंगराच्या कुशीत रेघ थोडी सरकणारच. घामेजल्या बोटांना पडद्यापेक्षा बटणे बरी.

मात्र नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. माझ्या एका पन्नाशीच्या रुग्णाला धावताना छातीत दाटून येई. पण घड्याळातली नाडी ठीक दिसते म्हणून ते आठवडाभर गप्प राहिले. ईसीजी काढला आणि त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. घड्याळ वाट नोंदवते. हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा त्याला दिसत नाही. छातीत दाटले, हाताकडे कळ गेली, घेरी आली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. त्या दिवसाची नोंद अर्धवट राहिली तरी चालेल.