अर्धपिकें फळ आणि पुरें मोल

शेंदूरजनाघाटच्या मुलाला संत्र्याविषयीं फारसें शिकवावें लागत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याच्या या आमच्या गांवांत बागांच्या जोडीनें कलमांच्या रोपवाटिकाही पुष्कळ आहेत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून तयार केलेलें कलम बागाईतदार घेऊन जातो, आणि त्याचें फळ पाहण्यासाठीं चार-पांच वर्षें वाट पाहतो. घेणाऱ्याला त्या दिवशीं फळ दिसत नसतें. दिसते ती विकणाऱ्याची पत. अशा गांवांत वाढलेल्या आमच्या धाकट्या पुतण्यानें या सुट्टींत एक सौदा केला आणि तो त्यांत फसला. घरांत दोन दिवस त्याचीच चर्चा चालली होती. म्हणून आज तोच विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

सौदा होता संगणकावरील एका खेळाचा. मुंजींत आलेल्या आहेराचे आणि आजीनें वेळोवेळीं दिलेल्या खाऊचे पैसे सांठवून, दादांची संमति घेऊन, त्यानें तो खेळ बाजारांत येण्यापूर्वींच पुरी किंमत भरून नोंदविला. खेळ आला. पहिला भाग सुरेख होता. पुढें मात्र माणसें भिंतींतून आरपार जाऊं लागलीं, सांठवून ठेवलेला डाव एके दिवशीं नाहींसा झाला, आणि शेवटाकडे तर कथा अशी गुंडाळलेली कीं, कीर्तनकाराला गाडी गांठावयाची असावी! नकाशावर दाखविलेल्या एका नगराचे दरवाजे उघडतच ना. तीन महिन्यांनीं विकणाऱ्यांची जाहिरात आली : त्या नगराची पुरवणी निघाली आहे, किंमत वेगळी. पुतण्या माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, एवढे पैसे तुम्ही द्याल कां? नाहींतर पहिलेही फुकट गेल्यासारखे आहेत."

दादांचा निकाल तात्काळ होता : खेळच बंद. आई माळ ओढतां ओढतां म्हणाल्या, "पंगतीला बसवून वरण वाढलें, आणि भाताचे पैसे निराळे मागितले, असें झालें कीं रे हें!" मला दादांच्या निकालापेक्षां आईंचें बोलणें अधिक पटलें. मुलगा खेळला हा त्याचा दोष नव्हे. त्याला अर्धी वस्तु पुऱ्या किंमतीला मिळाली, हा प्रश्न आहे.

असें कां होतें, याचा मीं थोडा शोध घेतला. घाई ही या धंद्याला नवी नाहीं. १९८२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें 'ई. टी.' या चित्रपटावरील खेळ नाताळच्या बाजाराकरितां अवघ्या पांचएक आठवड्यांत करवून घेतला. तो इतका पडला कीं, उरलेल्या मालापैकीं कांहीं न्यू मेक्सिकोंतील एका उकिरड्यांत पुरण्यांत आला. २०१४ सालीं तो उकरूनही काढला. परंतु त्या काळीं एक धाक होता. खेळ एकदां डबींत भरून दुकानांत गेला कीं त्यांत अक्षराचाही फरक करतां येत नसे. आतां तारेवरून घरबसल्या दुरुस्ती पाठवितां येते. सोय मोठी खरी. पण 'आज विकूं, उद्यां ठिगळ लावूं' ही संवय तिच्याच पोटीं जन्मली. पुरवणीचेंही तसेंच. २००६ सालीं 'ऑब्लिव्हियन' नांवाच्या खेळांत घोड्याच्या चिलखताचे अडीच डॉलर वेगळे घेतले, तेव्हां लोक हंसले आणि रागावलेही. आज तसल्या विक्रीचें कोणाला नवल वाटत नाहीं.

सर्वांत बोलकें उदाहरण पोलंडमधील 'सायबरपंक २०७७' या खेळाचें. ८० लक्ष लोकांनीं तो पाहण्यापूर्वींच नोंदविला होता. एकाच वर्षांत तीन वेळां तारीख पुढें ढकलून, कारागिरांना आठवड्याचे सहा दिवस राबवून, १० डिसेंबर २०२० रोजीं तो बाहेर काढला. जुन्या यंत्रांवर तो इतका मोडका चालला कीं, सोनी कंपनीनें त्याच महिन्यांत तो आपल्या दुकानांतून उतरविला. पुन्हां ठेवला तो २०२१ च्या जूनमध्यें. पुढें कर्त्यांनीं मेहनत घेऊन तो सुधारला, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें त्याची 'फँटम लिबर्टी' ही पुरवणी निघाली, तिची वाखाणणीही झाली. पण ती जुन्या यंत्रांसाठीं काढलीच नाहीं. म्हणजे ज्यांनीं सर्वांत अधिक सोसलें, त्यांच्याच पानांत ती पडली नाहीं.

याच्या उलट 'नो मॅन्स स्काय' हा खेळ. २०१६ सालीं तोही दिलेल्या वचनांपेक्षां पुष्कळच तोकडा निघाला. परंतु त्याच्या कर्त्यांनीं पुढें वर्षानुवर्षें मोठमोठ्या भरी घातल्या, आणि जुन्या गिऱ्हाइकांकडून त्यांचा पैसा घेतला नाहीं. गेलेली पत अशी परत मिळवितां येते.

आपल्या महाराष्ट्रांतही या विषयाचें एक कष्टी करणारें प्रकरण आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या मालेंतील २००३ सालचा 'सँड्स ऑफ टाइम' हा गाजलेला खेळ नव्यानें घडविण्याचें काम युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें आपल्या पुणें आणि मुंबई येथील शाखांकडे सोंपविलें. सप्टेंबर २०२० मध्यें त्याचीं पहिलीं चित्रें दाखविलीं, तेव्हां तीं जुनाट व कच्चीं असल्याची टीका झाली. २०२१ च्या जानेवारीची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत झाली. मे २०२२ मध्यें काम माँट्रिअलच्या शाखेकडे गेलें, आणि जानेवारी २०२६ मध्यें तो खेळच रद्द झाल्याचें कंपनीनें जाहीर केलें. त्या कथेंतील राजपुत्राजवळ एक खंजीर असतो. चूक झाली कीं काळ मागें फिरवून ती सुधारतां येते. खऱ्या कारखान्यांत तसला खंजीर कोणापाशीं नसतो! तरीही मी म्हणेन, अपुरी वस्तु लोकांच्या गळ्यांत न मारतां थांबविली, यांत गिऱ्हाइकाचा मान राहिला. मात्र कारागिरांचीं वर्षें गेलीं, हें विसरूं नये. घाईचा निर्णय वरचे करतात, आणि नांव घडविणाऱ्यांचें जातें.

आणि घाई करणाऱ्यांना एकदम दुष्ट म्हणण्याचा अधिकार आम्हांलाही नाहीं. एके वर्षीं भाव चढला, हप्ताही देणें होता, म्हणून आम्हीं आंबिया बहार महिनाभर आधींच उतरविला. फळ हिरवें, आंबट; पैसे मात्र रोख मिळाले. पुढच्या वर्षीं तो व्यापारी आमच्या बांधावर फिरकला नाहीं. कंपन्यांचा वर्षअखेरचा हिशेब म्हणजे आमचा तो हप्ताच.

परंतु आमच्या व्यवहारांत एक न्याय आहे. व्यापारी झाडावरचा बहार आगाऊ घेतो तेव्हां गारपीट, गळ यांची जोखीम तो पत्करतो, आणि म्हणूनच त्याला भाव उतरून मिळतो. प्रथम इसार देतो, बाकी मागाहून. खेळाच्या आगाऊ नोंदणींत जोखीम गिऱ्हाइकाची, आणि किंमतही पुरी! हा सौदा आमच्या गांवचा अडाणी व्यापारीही करणार नाहीं. आमचीं इंग्रजी शाळेंत शिकलेलीं मुलें मात्र करतात.

म्हणून आमच्या घरांत आतां तीन नियम ठरले आहेत. खेळ निघाल्यावर एक महिना तरी थांबावयाचें. तोंवर गुणदोष कळतात, आणि पुढें किंमतही बहुधा उतरते. घेतला तर पहिल्याच बैठकींत पारखावयाचा. 'स्टीम' या दुकानांत विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आंत आणि २ तासांहून कमी खेळलेला असल्यास पैसे परत मागतां येतात, हें पुतण्याला ठाऊकच नव्हतें, आणि कळलें तेव्हां मुदत टळली होती. तिसरा नियम : पुरवणी घ्यावयाची ती मूळ वस्तु पुरी असेल तरच. पुऱ्या ताटावर गोड वाढणें निराळें, आणि मोडकें ताट बदलण्याचे पैसे घेणें निराळें.

मीं पुरवणीचे पैसे दिले नाहींत. दादांनींही खेळ बंद करण्याचा हुकूम मागें घेतला. पुतण्या दोन दिवस अबोल होता. तिसऱ्या दिवशीं त्यानें कंपनीला स्वतःच एक पत्र लिहिलें, आणि तें मला तपासावयास दिलें. त्यांत शिवी नव्हती, आर्जव नव्हतें. काय सांगितलें होतें आणि काय मिळालें, एवढेंच क्रमानें लिहिलें होतें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. मात्र या वर्षीं बाग केव्हां उतरावयाची हें ठरविण्याच्या बैठकीला आपणही बसणार, असें त्यानें दादांना सांगून ठेवलें आहे; आणि दादा त्याला नाहीं म्हणालेले नाहींत.